परदेशातली मैफल आणि वऱ्हाडी कान

१९५५ साली तुकडोजी महाराज जपानला गेले. विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेचं निमंत्रण होतं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले, वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य, १९४२ च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहिलेले महाराज तिथे आपली खंजिरी घेऊन गेले आणि देशोदेशीच्या धर्मपंडितांपुढे भजन गायले. वऱ्हाडाचं गाणं सातासमुद्रापार गेल्याची ही मोठी नोंद आहे.

आता वऱ्हाडातून ऐकणारे बाहेर जातात. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतली मुलं आज जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिकेत शिकतात, नोकरी करतात. निघताना त्यांना पुष्कळ सल्ले मिळतात. बँकेचं खातं कसं उघडायचं, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे, कुकर न्यायचा की तिथेच घ्यायचा, हे सगळं कोणी ना कोणी सांगतं. कामावरून परत आल्यावरच्या संध्याकाळचं काय करायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला वाटतं, नव्या गावात पोचल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच तिथलं गाणंबजावणं समोर बसून ऐकायला जावं. तिकीट काढलं की कोणाच्या ओळखीची गरज उरत नाही, भाषा अर्धवट आली तरी अडत नाही, आणि ते गाव आपल्याला आत घेतं. फक्त त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऐकण्याचीही रीत असते. ती ज्या जागेत, ज्या हवेत आणि ज्या माणसांत घडते, त्यांच्याप्रमाणे ती बदलते. आपली रीत कशी घडली हे कळलं की त्यांची रीतही कळते, आणि मग परक्या सभागृहात अवघडल्यासारखं होत नाही.

आपले कान कसे घडले

खंजिरी हातात घेऊन पाहिली तर ती अगदी साधी वस्तू आहे. लाकडाचं वीतभर रुंदीचं कडं, एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं, आणि कड्याला पाडलेल्या खाचांत सळीवर ओवलेल्या धातूच्या चकत्या. कडं एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याने कातड्यावर वाजवायचं. कड्याच्या जवळ बोट पडलं की खणखणीत आवाज, मध्ये तळवा पडला की भरीव. धरलेल्या हाताला झटका दिला की चकत्या वाजतात. हवा ओलसर असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, शेकलं की पुन्हा ताणतं. म्हणजे एकच माणूस एकाच वाद्यावर ठेका आणि झांज, दोन्ही सांभाळतो, आणि त्याचा गळा गायला मोकळा राहतो. ना सतरंजी लागते, ना तंबोऱ्याची जुळवाजुळव. गावच्या चौकात उभं राहून गाता येतं.

या वाद्याभोवती महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची आणि भजनाची जी घडी बसवली, ती आजही विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळांत दिसते. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, आणि तिथून ही रीत गावोगाव गेली. खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, मंडळामागून मंडळ उभं राहतं, रात्र सरते. यात एक जण कडवं म्हणतो आणि बाकीचे धृपद उचलतात. समोर बसलेली माणसंही धृपद उचलतात. मंडळ कुठे संपलं आणि श्रोते कुठे सुरू झाले, ते सांगता येत नाही.

गाडगेबाबांचं कीर्तन तर लोकांच्या उत्तरांशिवाय पुढे सरकतच नसे. बाबा प्रश्न विचारायचे, समोरची गर्दी उत्तर द्यायची, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाने लोकांना बोलतं करूनच त्यांच्या अंधश्रद्धेवर आणि कर्जबाजारीपणावर बोट ठेवलं. १९५६ साली, निधनाच्या थोडंच आधी, मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ते ऐकताना बाबांच्या आवाजाइतकंच लक्ष समोरच्या लोकांच्या आवाजाकडे द्यावं. ते हसतात, होकार देतात, देवाचं नाव घेतात. लोकांचा आवाज काढून टाकला तर ते कीर्तन अर्धंच उरेल.

तिसरी शाळा गझलेची. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२ चा. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला, पण पेटी आणि सूर घरातच भेटले. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’, ‘झंझावात’ हे त्यांचे संग्रह मराठी वाचकाला सांगायला नकोत. नव्या कवींना गझलेचं तंत्र कळावं म्हणून त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून काढली. मैफलीत गझल गाण्याची रीत रुजवण्याचं काम पुढे ज्यांनी केलं, त्यांत अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांचं नाव आघाडीवर आहे.

मैफलीत शेर कसा पोचतो ते पाहण्यासारखं आहे. शेराच्या दोन ओळी. पहिलीत काहीतरी मांडलेलं असतं, पण ते पुरं होत नाही. गाणारा तीच ओळ दोनदा, तीनदा, चारदा म्हणतो, दर वेळी सूर थोडा निराळा लावतो. ऐकणाऱ्याला यमक कोणतं येणार हे मतल्यापासून, म्हणजे पहिल्या शेरापासून, ठाऊक असतं, शेवटचे शब्द तर पाठच झालेले असतात. तो मनातल्या मनात दुसरी ओळ रचू लागतो. मग गाणारा दुसरी ओळ म्हणतो, ती आपण रचली त्यापेक्षा वेगळ्याच वाटेने त्याच यमकावर येऊन ठेपते, आणि सभागृहातून ‘वा, राजेहो!’ निघतं. ही दाद गाणाऱ्यासाठी खूण असते. तिच्यावरून तो ठरवतो, ओळ पुन्हा घ्यायची की पुढे जायचं. दाद आली नाही तर त्याला वाटेवर दिवाच दिसत नाही.

खंजिरी भजन, कीर्तन, गझल. तिन्हींत ऐकणारा तोंड उघडतो. वऱ्हाडी कान या तालमीत तयार झालेला आहे. मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेल्या गायक वसंतराव देशपांड्यांच्या मैफलींच्या आठवणी निघतात तेव्हाही त्यांच्या एखाद्या अचाट तानेबरोबर श्रोत्यांतून उठलेला हुंकार सांगितला जातो. असा कान घेऊन आपला मुलगा बर्लिनच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या सभागृहात बसतो, तिथे दोन हजार माणसं श्वास रोखून बसलेली असतात, आणि त्याला वाटतं, यांना गाणं आवडत नाही की काय?

जागा गाण्याला घडवते

आवडतं. पण त्यांचं संगीत दुसऱ्या जागेत वाढलं. इथे थोडं ध्वनिशास्त्र बघू.

मोकळ्या मैदानात आवाजाला परतवायला भिंत नसते. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणून मैदानात गायचं तर ओळ छोटी हवी, शब्द ठसठशीत हवेत आणि धृपद पुन्हा पुन्हा यायला हवं, म्हणजे मागच्या माणसाला पहिल्या वेळी कळलं नाही तरी तिसऱ्या वेळी कळतं. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज उंच पट्टीचा. त्या पट्टीला माणसाचा कान फार तीक्ष्ण असतो, त्यामुळे गर्दीच्या गलक्यातूनही तो ठेका कानावर येतो. फार दूर गेल्यावर उंच पट्टीचे आवाज हवेत विरतात, म्हणून शेजारच्या गावातलं भजन ऐकू येताना आधी ढोलक येतो आणि झांज मागे राहते.

ते रात्रीच का ऐकू येतं, याचंही कारण आहे. आवाज गरम हवेत जास्त वेगाने जातो. शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, चाळीस अंशाला सुमारे ३५५. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी जमीन भाजते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे ध्वनिलहरी वरच्या थंड हवेकडे वळतात आणि आपल्या डोक्यावरून निघून जातात. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर निवते, खालची हवा थंड आणि वरची उबदार राहते. मग त्याच लहरी खाली वाकतात आणि शेतं ओलांडून दूरच्या वस्तीपर्यंत पोचतात. आपली भजनं रात्रीची असतात त्यात शेतीच्या कामाची सोय आहेच, पण रात्रीची हवाही त्यांच्या बाजूने असते.

युरोपातलं संगीत वाढलं दगडी चर्चमध्ये, राजवाड्यांच्या दालनांत आणि पुढे खास बांधलेल्या सभागृहांत. तिथे आवाज भिंतींवरून परत परत येतो. सूर थांबल्यावरही तो काही वेळ जागेत रेंगाळतो. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात. ही कल्पना पक्की केली वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ साली विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणालाच कळेना, कारण तिथे एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत होता. सॅबिनने रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून त्या खोलीत मांडल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा. आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. उजाडायच्या आत गाद्या परत. या खटाटोपातून खोलीचं आकारमान, आवाज शोषणाऱ्या वस्तू आणि निनादकाल यांचं सूत्र निघालं, आणि त्याच्या आधारे १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल बांधला गेला.

बोलणं नीट कळायचं तर निनादकाल साधारण एक सेकंदाच्या आत-बाहेर हवा. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपासचा निनाद मानवतो, व्हायोलिनचे सूर एकमेकांत मिसळून भरदार होतात. १८८८ साली उघडलेल्या ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहाची ख्याती याच निनादामुळे आहे. अशा जागेत शंभर वाद्यं कधी कानाला जेमतेम कळेल इतकी हळू उतरतात. तिथे एकाने ‘वा’ म्हटलं तरी ते ‘वा’ दोन सेकंद फिरत राहील आणि मधले बारीक सूर झाकून टाकील. त्यांच्या शांततेचं एक मोठं कारण हे आहे. त्या इमारतीत शांततेशिवाय ते संगीत ऐकूच येत नाही.

ही शांतता मुळापासून होती असंही नाही. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची नवी सिंफनी वाजली तेव्हा त्याने वडिलांना पत्रात कळवलं, की लोकांना आवडेल अशी एक जागा त्याने मुद्दाम मधेच घातली होती, वाजत असतानाच टाळ्या पडल्या, आणि शेवटी तीच जागा त्याने पुन्हा आणली होती. हे वर्णन वाचून आपल्याकडच्या कुठल्याही गायकाला ते ओळखीचं वाटेल. एकोणिसाव्या शतकात हळूहळू रीत बदलली. १८७६ साली संगीतकार वाग्नरने बायरॉयटला आपलं नाट्यगृह उघडलं, तिथे प्रेक्षागृहात अंधार केला आणि वादकांना रंगमंचाखाली दृष्टिआड बसवलं. लक्ष सगळं समोर लागावं अशी त्याची इच्छा होती. त्या शतकाच्या शेवटी गप्प बसून ऐकणं ही सुसंस्कृतपणाची खूण ठरली, आणि रचनेच्या दोन खंडांमधल्या टाळ्याही बंद होत गेल्या.

गप्प बसणं आपल्याला जमत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी प्रचंड समुदाय जमतो, आणि त्यांच्या निर्वाणाच्या वेळेला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मौन श्रद्धांजली होते. दिवसभर खंजिरीने दुमदुमणारा तो परिसर त्या क्षणी निःशब्द असतो. वऱ्हाडी माणसाला मौन ठाऊक आहे. सभागृहात ते कशासाठी पाळायचं एवढंच कळायला हवं.

सभागृहात पाऊल ठेवताना

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला जाताना हातात पत्रिका घ्यावी. त्यात रचनेचे खंड दिलेले असतात, बहुधा तीन किंवा चार. दोन खंडांमध्ये क्षणभर थांबतात, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळं संपल्यावर संचालकाचे हात खाली येतात आणि तो वळतो. शंका असेल तर शेजारच्यांनी सुरुवात करेपर्यंत थांबावं. वेळ ही दगडावरची रेघ असते. कार्यक्रम सुरू झाल्यावर दार लागतं आणि मधला विराम येईपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. जर्मनीत जाड कोट आणि मोठी पिशवी बाहेर सांभाळायला देण्याची पद्धत आहे. कपड्यांचा मात्र फार धसका घेऊ नये, नीटनेटकं असलं की पुरतं.

आणि महाग तिकिटांचाही धसका नको. लंडनचे ‘प्रॉम्स’ हे संगीताचे कार्यक्रम १८९५ साली सुरू झाले ते साध्या माणसाला स्वस्तात उत्तम संगीत मिळावं म्हणूनच. १९४१ साली बॉम्बहल्ल्यात ते जिथे होत तो क्वीन्स हॉल जळाला आणि प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले. तिथे आजही मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून ऐकण्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, अलीकडे आठ पौंडांच्या आसपास. याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७४ साली लता मंगेशकर गायल्या होत्या.

व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने ऐकण्याच्या शेकडो जागा आहेत, बसण्याच्या तिकिटाच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत. तिथला रिवाज पाहून वऱ्हाडी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. रांगेतून आत गेलं की आपल्या जागेच्या कठड्याला गळ्यातला स्कार्फ बांधायचा आणि निवांत बाहेर फिरून यायचं. बडनेऱ्याला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी ती जागा सगळे मानतात. कॉन्सर्टखेबाउत हंगामात बुधवारी दुपारी मोफत कार्यक्रम असतात, बर्लिनच्या फिलहार्मोनीतही दुपारचे मोफत कार्यक्रम होतात. विद्यार्थ्यांना आणि तिशीच्या आतल्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते. ती विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारावं.

जिथे दाद चालते

एवढ्या शांततेने जीव गुदमरला तर जॅझ क्लबात जावं. न्यूयॉर्कचं ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ १९३५ पासून आहे, लंडनचं ‘रॉनी स्कॉट्स’ १९५९ पासून, आणि युरोपातल्या बहुतेक विद्यापीठाच्या गावात एखादं लहान तळघर तरी असतंच. जॅझमध्ये आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक वादक तिच्यावर आयत्या वेळी विस्तार करतो आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. ख्यालात बंदिशीचा मुखडा घेऊन फिरणाऱ्या कानाला हे समजायला वेळ लागत नाही. एका वादकाचा विस्तार संपला की टाळ्या वाजवायच्या असतात, पुढचा सुरू झाला असला तरी. तोंडून ‘वा’ निघालं तर कोणी वळून पाहत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं ऐकलं तर तिथे धृपद उचलणारे श्रोते भेटतात, आणि मोझरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एक जण म्हणतो, सगळे उत्तर देतात. रचनेचं हाडच तेच आहे.

ज्याला नुसतं ऐकून समाधान होत नाही, त्याने हौशी गायनवृंद शोधावा. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये गावोगाव असे वृंद आहेत, आठवड्यातून एकदा तालीम, आणि कित्येक ठिकाणी आवाजाची परीक्षाही घेत नाहीत. परक्या भाषेतले उच्चार शिकायला यापरती चांगली जागा मला ठाऊक नाही. शिवाय दर आठवड्याला तीच माणसं भेटतात, आणि एकट्याने राहणाऱ्याला त्याची किंमत कळते.

रॉक आणि पॉपच्या कार्यक्रमांची तऱ्हा आणखी निराळी. तिकिटावर बहुधा दार उघडण्याची वेळ असते. त्यानंतर आधी एखादा नवखा संच वाजवतो, मुख्य कलाकार तास-दीड तासाने येतो, आणि गावातल्या ध्वनिनियमांमुळे अकराच्या सुमाराला बहुतेक सगळं आटोपतं. नवख्या संचाला चुकवू नये. शंभर-दोनशे माणसांच्या खोलीत, हाताच्या अंतरावर कोणी जीव तोडून वाजवतंय, हे मोठ्या स्टेडियममध्ये पडद्यावर पाहण्यापेक्षा कितीतरी जिवंत असतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच पाहून ठेवावी.

कान जपा

इथे थोडं खडसावून सांगायला हवं, कारण हे नुकसान भरून येत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसता येतो, असं कामगारांच्या आरोग्याचं एक प्रचलित मोजमाप सांगतं. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक ठरवलं, त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, श्रोत्यांना कानात घालायच्या बोळ्यांची सोय आणि थोडा वेळ विसावायला शांत जागा, यांचा समावेश आहे. युरोपात अनेक ठिकाणी दाराशीच बोळे मिळतात. ते घ्यावेत आणि घालावेत. संगीतासाठी बनवलेल्या बोळ्यांनी आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा खाली येतो, गाणं बिघडत नाही. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती धोक्याची घंटा समजावी.

तिथे ही शिस्त दिसली की आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे येतं. अकोल्याला श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडी, अमरावतीचा गणेशोत्सव, दोन्ही आपल्या अभिमानाच्या गोष्टी. पण ढोलाच्या ताफ्याची जागा जिथे जिथे डीजेच्या भिंतीने घेतली, तिथे त्या भिंतीसमोर लहान लेकरं नाचतात आणि त्यांच्या कानांचा विचार कोणी करत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, सणासुदीच्या ठरावीक दिवशी फक्त मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते. नियम आहे, पण लेकराच्या कानात बोळा घालायला नियमाची वाट पाहायची गरज नाही. परदेशातून सुटीवर येणाऱ्यांनी चॉकलेटांबरोबर भाच्या-पुतण्यांसाठी कानाचे बोळे आणले, तर ती भेट जन्मभर पुरेल.

आपली मैफल तिथे

समुद्रापार आपलं गाणंही आहेच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या त्याच्या अधिवेशनाला हजारो मराठी माणसं जमतात. २०२४ चं अधिवेशन सॅन होजेला झालं. गायक-वादक दौऱ्यावर आले की शनिवारी एका गावच्या मंडळाकडे, रविवारी दुसऱ्या, अशी त्यांची वारी चालते. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, चाळीस-पन्नास माणसांत, पेटी-तबल्यावर होणारी घरगुती मैफल ही तर परदेशातल्या मराठी माणसांनी जपलेली फार मोलाची चीज आहे. मराठीपलीकडेही वाटा आहेत. लंडनचं भारतीय विद्या भवन १९७२ पासून संगीत शिकवतं आणि ऐकवतं. २००६ साली लेस्टरमध्ये सुरू झालेल्या ‘दरबार’ महोत्सवात भारतातले चांगले गायक-वादक ऐकायला मिळतात. उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात १९६७ साली काढलेलं विद्यालय आजही चालू आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना सॅबिनच्या गाद्यांतून घेण्यासारखा एक धडा आहे. गझल, भावगीत, कीर्तन, सगळं शब्दावर उभं आहे. भाडं कमी म्हणून दगडी चर्च किंवा शाळेचा जिमखाना घेतला, की शब्द घुमतो, मग आवाज वाढवतात, मग आणखी घुमतो, आणि पाच हजार मैलांवरून आलेल्या गायकाची ओळ कोणाच्याच कानी धड पडत नाही. खाली गालिचा, भिंतींना पडदे, गादीच्या खुर्च्या असलेलं लहान सभागृह घ्यावं. जिमखानाच मिळाला तर सतरंज्या अंथराव्यात, जाड पडदे टांगावेत आणि लोकांना जवळ बसवावं. माणसाचं अंग आणि अंगावरचे कपडेही आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहात केलेली आवाजाची चाचणी भरल्यावर पुन्हा करावी लागते.

आणखी एक करावं. या मैफलीला तिथल्या शेजाऱ्याला, कामावरच्या सोबत्याला घेऊन जावं. तो हात मांडीवर ठेवून गप्प बसेल, कारण त्याला तसंच शिकवलंय. त्याला आधी सांगावं, की आमच्याकडे गाणाऱ्याला मधे ‘वा’ म्हणायचं असतं, पहिली ओळ तीनदा आली की कान टवकारायचे, आणि धृपद आलं की जमेल तसं गायचं. त्याने आपल्याला त्यांच्या सभागृहात कधी टाळ्या वाजवायच्या ते सांगितलं असेल, त्याची फेड अशी होते. दोघांचेही कान रुंदावतात.

शेवटचं सांगणं अमरावती-अकोल्यातल्या घरांना. आई-बाबा लेकाकडे, लेकीकडे चार-सहा महिने राहायला जातात. पोरं कामावर गेली की दिवसभर घरात खिडकीबाहेर बघत बसतात, आणि दोन महिन्यांत ‘आता परत जाऊ’ म्हणतात. त्यांच्यासाठी त्या दुपारच्या मोफत कार्यक्रमांसारखी दुसरी सोय नाही. तासाभराचा कार्यक्रम, दिवसाउजेडी, भाषेची अडचण नाही, तिकिटाचा खर्च नाही. ज्या माणसाने रात्र रात्र बसून भजन ऐकलं आहे, त्याला व्हायोलिनचा सूर कळायला पदवी लागत नाही. पहिल्या वेळी सोबत जा, ट्रामची वाट दाखवा, कोट कुठे द्यायचा आणि टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगा. पुढच्या बुधवारी ते आपले आपण जातील.